फक्त पेन्सिलीनं

विश्रामबाग, सांगली
सोमवार, ६ जानेवारी २०२५

चि. अंकिता हीस,

आशीर्वाद. आम्ही खुशाल आहोत. तुझी मामी गुडघ्याला तेल चोळत आणि मला टोमणे मारत मजेत आहे. मेंढरं शिराळ्याला नीट पोचली आणि तुझ्या आईचा, आमच्या मंगलचा खोकला थांबला, हे तुझ्या चिठ्ठीवरून कळलं. बरं वाटलं. त्या पाकिटात बरं वाटण्यासारखं एवढंच होतं.

आता तुझा अर्ज. एकदा बसून वाचला, एकदा उभा राहून वाचला. तिसऱ्यांदा मामीला वाचून दाखवला, तर ती म्हणाली, "चांगलं लिवलंय की पोरीनं." म्हणजे रोग किती पसरलाय बघ.

मी सत्तावीस वर्षं इंग्रजी शिकवलं. कराडपासून जतपर्यंत एक व्यासपीठ सोडलं नाही. माझ्या कपाटात चार हजार पुस्तकं आहेत आणि ती शोभेची नाहीत. आणि माझी सख्खी भाची पुण्याच्या संस्थेला लिहिते, 'आय बेग टू स्टेट.' अगं, भीक कसली मागतेस? जनावरांच्या आरोग्यावर काम करणारी संस्था आहे, त्यांना गावोगाव फिरणारी माणसं हवी आहेत, तुला काम हवं आहे. सरळ व्यवहार आहे. त्यात भीक आली कुठून? मला माहीत आहे कुठून आली. दहिवडीच्या स्टँडवर गाइडं विकतात, त्यातून आली. इंग्रज जाऊन इतकी वर्षं झाली, पण त्याच्या दारात वाकून उभं राहायची आपली सवय काही जात नाही. ती गाइडं लिहिणाऱ्यांना चौकात उभं करून त्यांचीच पत्रं त्यांना पाठ म्हणायला लावली पाहिजेत.

पुढे चल. 'आय अ‍ॅम हॅविंग डिप्लोमा.' डिप्लोमा हा काय ताप आहे, सध्या चालू असायला? 'आय हॅव.' आणि त्याच्या आधी 'अ' लागतो. तो 'अ' आणि तो 'द' तुम्हा लोकांना दिसतच नाहीत, भातातले खडे असल्यासारखे वेचून टाकता. 'आय हॅव कम्प्लीटेड इट इन २०२२.' साल सांगितलंस की गोष्ट संपली, तिथे 'हॅव' कशाला चिकटवतेस? 'सिन्स टेन इयर्स' नाही, 'फॉर टेन इयर्स'. 'डिस्कस अबाउट' नाही, नुसतं 'डिस्कस'. ही वर्गातल्या पहिल्या महिन्यातली चूक आहे, आणि ती एम.ए. झालेली माणसं छाती काढून करतात, तेव्हा तुला एकटीला काय बोलू?

पण 'शीप्स' लिहिलंस त्याला माफी नाही. जिच्या बापाच्या वाघरीच्या जाळीत चारशे मेंढ्या बसतात, तिला मेंढीचं अनेकवचन येऊ नये? एक असो की चारशे, 'शीप'च. इंग्रजानं मेंढरांच्या बाबतीत तरी आपल्यावर उपकार केलेत, ते घे.

आणखी एक. सगळ्या अर्जात 'वुई'. 'वुई आर डिप्लोमा होल्डर. वुई आर नोइंग' असं काहीसं, मला तर लिहवतही नाही. आमी केलं, आमी शिकलो, आमी येऊ. कळपात राहून माणसाची जीभसुद्धा कळपात चालायला लागते. नोकरी एकीला मिळते, अंकिता. का त्या ऑफिसात आईबाप, कुत्री आणि घोडा घेऊन जाणार आहेस?

अर्जाच्या डोक्यावर 'श्री बिरोबा प्रसन्न' लिहिलंस त्यावर मी काही बोलत नाही. मला रक्तदाब आहे.

आता पत्ता. पत्त्याच्या जागी दोन पत्ते! 'जून ते सप्टेंबर: मु. पो. अमुक, ता. माण. ऑक्टोबर ते मे: नाथाजी देसाई यांचा मळा, शिराळा.' मोठ्या साहेबांची उन्हाळी राजधानी आणि हिवाळी राजधानी असते, तसं. पावसाळा सरला की मेंढरं घेऊन पश्चिमेला उतरायचं, उसाच्या रानात वाघर लावायची, लेंडीखत द्यायचं आणि धान्य घ्यायचं, ही रीत मला माहीत आहे. मीही त्याच पालात वाढलो. पण ते पुण्याच्या साहेबाला सांगायची काय गरज? तो म्हणेल, या बाईला घरदारच नाही. मी तिथे माझा पत्ता टाकला आहे. हे पत्र मात्र मुद्दाम तुझ्या त्या मळ्याच्या पत्त्यावर पाठवतो आहे. पोचलं तर तुझं नशीब, नाही पोचलं तर माझा मुद्दा.

आणि 'तुमचं काम ओळखणाऱ्या, पण नातेवाईक नसलेल्या दोन व्यक्तींची नावं' या रकान्यात तू कुणाचं नाव घातलंस? एक तुझ्या डिप्लोमाच्या सरांचं. ठीक. दुसरं नाथाजी देसाई, शेतकरी! त्या माणसानं शेवटचं इंग्रजी वाचलं असेल ते खताच्या पोत्यावर. नातेवाईक चालत नाही हे मान्य, पण माझं आडनाव गोरड, तुझं खरात, पुण्यात कोण वंशावळ काढत बसणार आहे? माझं नाव घालायचं. ते मी घातलं आहे.

एक वाक्य मी साफ खोडलं. 'माय फादर टीच्ड मी टु नो सिक शीप वन डे बिफोर.' एक तर 'टीच्ड' असा शब्द जगात नाही, 'टॉट'. आणि असला तरी नोकरीच्या अर्जात बाप कशाला? म्हणे आजारी मेंढी आदल्या दिवशीच ओळखता येते. ही अंगारेधुपारे करणाऱ्यांची भाषा झाली. शिकलेल्या माणसानं लिहायची नाही.

तुझी अट वाचली. 'मामा, फक्त पेन्सिलीनं चुका दाखवा, वाक्यं बदलू नका.' ओळींमध्ये जागाही सोडली आहेस, जणू मी पहिलीच्या वर्गाचा मास्तर. सुताराला बोलवायचं आणि सांगायचं, खिळा कुठे ते दाखव, पण ठोकू नको! मी तुझी अट मोडली आहे. अख्खा अर्ज नव्यानं लिहून टाइप करून तुझ्या कागदासोबत पाठवतो आहे. दोन दिवस खपलो आहे त्यावर. पाचवं वाक्य खास बघ. असं इंग्रजी आज जिल्ह्यात चार माणसं लिहितात, त्यातली तीन थकली आहेत. स्वच्छ अक्षरात उतरवून काढ, सही कर आणि वीस तारखेच्या आत पोचव.

दाजींना नमस्कार सांग. येत्या सव्वीस जानेवारीला शिराळ्याच्या त्याच शाळेत माझं भाषण आहे. दोन वर्षांपूर्वी इंग्रजी अर्जाचा किस्सा सांगितला होता, तेव्हा लोक हसून हसून पडले होते. तोच पुन्हा सांगा असा हेडमास्तरांचा हट्ट आहे. त्या वेळी तुम्ही कुणी आला नव्हतात बहुधा, निदान मला दिसला नाहीत. या वेळी दाजींना पुढच्या रांगेत बसव.

तुझा मामा,
प्रा. नानासो गोरड
(व्याख्याते)


नाथाजी देसाई यांचा मळा, शिराळा
शनिवार, ११ जानेवारी २०२५

ती. मामांना,
साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र गुरुवारी मिळालं. पोस्टमनकाकांनी वाघरीपाशी आणून दिलं. कुत्री भुंकली म्हणून बांधावर उभे राहून हाका मारत होते, "खरातांची पोरगी कोन हाय गं?" म्हणजे पत्ता चालतो, मामा. तो मी तसाच ठेवते.

'शीप्स'बद्दल मला खरंच लाज वाटली. 'सिन्स' आणि 'फॉर' मी वहीत लिहून घेतलंय. 'बेग' तर मला कळलंच नव्हतं, मी उतरवलं होतं. ते काढलं. तुम्ही रागावलात ते बरं झालं, त्यामुळे चुका लक्षात राहतील.

पण तुम्ही टाइप केलेला अर्ज सोबत परत पाठवतेय. रागवू नका. मी तो आठ वेळा वाचला. पाचवं वाक्य एका दमात संपत नाही, आणि त्यातले चार शब्द मला डिक्शनरीत बघायला लागले. मुलाखत पुण्यात होणार आहे, ते लोक अर्जातलंच विचारतात. मामा, मला वाचून दाखवता येईल असाच अर्ज हवाय. चुकला तरी माझा चुकलेला.

तुम्ही खोडलेलं वाक्य मला परत लिहायचंय. 'टॉट' करून. तेवढं एक वाक्य अर्जात खरं माझ्या पोटातलं आहे.

नाथाजीकाकांचं नाव मी त्यांना विचारून घातलंय. तेही ठेवणार.

मूळ कागद परत पाठवतेय. अजून एकदा बघाल? फक्त पेन्सिलीनं.

तुमचं पत्र मी आबांना वाचून दाखवलं. बिरोबा आणि रक्तदाब ऐकून ते लय हसले. मग मला म्हणाले, "नानाचं मन मोडू नगं बाय. दोन दिस खपलंय त्ये. उतरवून काड आन् धाडून दे." आबांचं न ऐकण्याची ही माझी पहिलीच वेळ.

सव्वीस तारखेला भाषणाला आम्हाला यायला जमणार नाही. त्या दिवशी मेंढरं खालच्या रानात हलवायची आहेत.

मामींना नमस्कार. त्यांच्या गुडघ्यासाठी आईनं निरगुडीचा पाला बांधून ठेवलाय, कुणी येणारं असलं की पाठवते.

तुमची,
अंकिता


सांगली
बुधवार, १५ जानेवारी २०२५

चि. अंकिता,

आशीर्वाद द्यावेत की नाही याचा विचार करत आहे. पत्राच्या शेवटी बघू.

तुझं पत्र काल, ऐन संक्रांतीला आलं. मामीनं तिळाच्या वड्यांचं ताट पुढे ठेवलं होतं. मी पत्र वाचलं आणि ताट सरकवलं. ती म्हणाली, "आता काय झालं?" मी म्हटलं, "तुझ्या भाचीनं माझं इंग्रजी परत पाठवलं." ती म्हणाली, "मापात बसलं नसंल." या घरात माझ्या व्यासंगाची ही किंमत आहे.

मी संतापलो होतो हे लपवत नाही. ज्या माणसाच्या भाषणाला सभागृहं कमी पडतात, त्याचा मसुदा एक पोरगी परत करते आणि वर लिहिते, 'चुकला तरी माझा.' तुला सोडून मी राग नाथाजी देसाईवर काढायचं ठरवलं. तू त्याचा नंबर अर्जात दिलाच होतास. त्याला सरळ सांगणार होतो की बाबा रे, तूच पोरीला सांग, तुझं नाव काढून टाक म्हणून.

फोन लावला. झालेलं बोलणं जसंच्या तसं लिहितो. मला पाठांतराची सवय आहे आणि हे विसरायचीही सोय नाही.

"हां, बोला."

"मी प्राध्यापक नानासो गोरड बोलतोय, सांगलीहून."

"कोन?"

"गोरड. व्याख्याते."

"न्हाई बा. कंपनीचं असशिला तर ठिबक बसवलंय आमी."

"अहो, मी अंकिताचा मामा."

"आवं, कोंडीबाचं मेव्हनं व्हय! मग आसं सांगा की. उगं मोठं मोठं बोलतायसा."

अंकिता, एकसष्ट गावांनी माझा सत्कार केला आहे. शाली ठेवायला कपाट नाही. आणि या माणसाच्या लेखी मी कोण, तर कोंडीबाचा मेव्हणा. ते मला असं लागलं की मी चढ्या आवाजातच विचारलं, "तुम्हाला पुण्याहून इंग्रजीत फोन आला तर काय करणार?"

"मराटीत उत्तर दीन. त्येंची गरज आसंल तर समजून घेतील. पोरीचं काम म्या बगितलंय, ते सांगायला इंग्रजी कशाला? चार वरसं माझ्या रानात बसत्यात मेंढरं. मागल्या साली माझी गाय अडली, डाक्टर दोन तासानं येतो म्हनला. पोरीनं हात घालून वासरू फिरवलं. वही हाय तिच्याकडं, कंच्या मेंढीला कवा लस दिली, समदं लिवलेलं. तुमी मामा हायसा, तुमाला ठावं न्हाई व्हय?"

मला ठाऊक नव्हतं. मी तुझा अर्ज तीन वेळा वाचला, त्यातल्या चुका मोजल्या, आणि तुला वहीबद्दल एक शब्द विचारला नाही. अर्जात ती वही आहे. 'आय अ‍ॅम मेंटेनिंग नोटबुक.' मी तिथे नुसता 'अ' घातला होता.

मग मी, कशानं कुणास ठाऊक, मोठेपणा सावरायला म्हणालो, "बरं, सव्वीस तारखेला येतोय तुमच्या शाळेत. या ऐकायला."

तो म्हणाला, "त्योच किस्सा सांगनार का?"

"ऐकलाय तुम्ही?"

"हुतो की. मागं, हापश्यापाशी. कोंडीबा आन् पोरगी बी हुती माझ्यासंगं. मेव्हन्याचं भाषान हाय म्हनून कोंडीबा धुतलेला पटका बांधून आलता."

मी विचारलं, "मग?"

"मग काय. लोकं हासली. कोंडीबा तर समद्यांच्या आदी हासला. पोरगी न्हाई हासली, बापाच्या त्वांडाकडं बगत ऱ्हायली. तवा कोंडीबा तिला म्हनला, 'बग गं, नानाच्या आजून ध्यानात हाय.'"

मी फोन ठेवला. त्याचा निरोपही घेतला नाही.

आता जे लिहितो ते तुला माहीत आहे. तुला माहीत आहे हे मला कालपर्यंत माहीत नव्हतं, आणि मी ते माहीत करून घेतलं नाही हेच मुळात माझं सगळं चरित्र आहे. तरी लिहितो. माझ्या तोंडून तू तो किस्सा ऐकलास, आता घडलेलं ऐक.

सत्याण्णव साली एका दूध डेअरीत जनावरांच्या दवाखान्यावर मदतनिसाची जागा निघाली होती. दाजी चोवीस वर्षांचे, दहावी पास, मंगलशी लग्न होऊन सहा महिने झालेले. त्यांनी मराठीत अर्ज लिहिला होता, एक पान, वर 'श्री बिरोबा प्रसन्न'. मला दाखवायला आणला. त्यात एक वाक्य होतं: 'जनावर आजारी पडायच्या आदल्या दिवशी मला कळतं.' मी हसलो. मी नवा इंग्रजीचा मास्तर होतो, माझ्या अंगात इंग्रजी मावत नव्हतं. म्हटलं, दाजी, हा अर्ज कसला, ही तर चिठ्ठी झाली. त्यांच्यासमोर तो कागद फाडला आणि इंग्रजीत लिहून दिला. पहिलंच वाक्य नऊ ओळींचं. त्याची सुरुवात काय होती सांगू? 'आय हम्बली बेग.' त्या गाइडवाल्यांना चौकात उभं करायला निघालो होतो मी, बघ.

मुलाखतीला मीच घेऊन गेलो. दाजी आत गेले, मी दाराबाहेर बाकावर. दार लोटलेलं होतं, आतलं सगळं ऐकू येत होतं. साहेब म्हणाले, "एवढं इंग्रजी येतंय? वाचून दाखवा बरं." आत कुणीतरी हसलं. दाजी म्हणाले, "वाचाय येत न्हाई, सायेब. पन जनावराचं इचारा, सांगतो." साहेबांनी जनावराचं विचारलं नाही. पुढचं नाव पुकारलं.

मला फक्त उठून आत जायचं होतं. सांगायचं होतं की अर्ज मी लिहिलाय, याला शिक्षा करू नका, याला मेंढरापुढे उभं करा आणि मग बघा. पाच पावलं होती. मी उठलो नाही. आपण लिहिलेलं इंग्रजी कुणीतरी हसण्यावारी नेलंय, ते आपलं आहे हे कळू नये, एवढंच त्या वेळी डोक्यात होतं. पुढे जवळजवळ तीस वर्षं स्वाभिमानावर भाषणं दिली मी.

बाहेर आल्यावर त्यांनीच मला स्टँडवर चहा पाजला, भजी घेतली. माझं तोंड उतरलेलं बघून म्हणाले, "नाना, तुमचं इंग्रजी लय भारी हुतं बगा. सायेबालासुदिक कळलं न्हाई, म्हनून मलाच वाचाय लावलं." माझी समजूत काढायला त्यांनी ते म्हटलं होतं. नोकरी त्यांची गेली आणि समजूत ते माझी काढत होते. त्यानंतर त्यांनी कधी कुठे अर्ज केला नाही.

आणि मी काय केलं? त्यांचं ते स्टँडवरचं वाक्य चोरलं. 'कुणाकडून तरी इंग्रजी अर्ज लिहून आणणारा एक धनगर' असा किस्सा रचला, आणि शेवटी ते वाक्य टाकलं. टाळी हमखास. गाव बदललं, तालुका बदलला, नाव कधी घेतलंच नाही. त्या किस्स्यात धनगर होता, साहेब होता, शिपाईसुद्धा होता. फक्त अर्ज लिहिणारा नव्हता. लोकांना कधी प्रश्न पडला नाही की तो अर्ज कुणी लिहिला. हसणाऱ्या माणसाला प्रश्न पडत नसतात, हे आम्हा वक्त्यांना पक्कं माहीत असतं, त्यावरच आमचं पोट आहे. अज्ञानावर बोलायचं, आणि ज्याच्या घरातलं मीठ खाल्लं त्याला अज्ञानाचा नमुना म्हणून व्यासपीठावर उभं करायचं. त्या गाइडवाल्याला मी नावं ठेवतो. तो निदान आपल्या गाइडावर स्वतःचं नाव छापतो.

तू मला यातलं काहीच लिहिलं नाहीस. 'मला वाचून दाखवता येईल असाच अर्ज हवाय' एवढंच लिहिलंस. मी ते वाक्य वाचलं आणि तुझ्या उद्धटपणावर चिडलो. वाचनाचा मला केवढा गर्व!

असो. तुझा कागद सोबत आहे. पेन्सिलीच्या अकरा खुणा आहेत, एकही वाक्य माझं नाही. 'वुई' चार ठिकाणी 'आय' कर. पाचव्या ठिकाणी, 'वुई हॅव फोर हंड्रेड शीप', तिथे राहू दे. ते बरोबर आहे, मेंढ्या तुम्हा सगळ्यांच्या आहेत. दोन्ही पत्ते ठेव. नाथाजी देसाईंचं नाव ठेव, त्याच्याइतका खमका साक्षीदार तुला मिळणार नाही. बिरोबा मात्र काढ, त्याला इंग्रजी येत नाही आणि त्यानं त्याचं काही अडलेलं नाही. वहीबद्दलचं वाक्य वर घे, पहिल्या परिच्छेदात. हे माझं सांगणं आहे, करायचं की नाही ते तू ठरव.

बापाचं वाक्य मी खोडलं होतं. अठ्ठावीस वर्षांत मी ते दुसऱ्यांदा खोडलं. आता खाली टिंबं दिली आहेत. छापखान्यात खोडलेला मजकूर परत ठेवायचा असला की अशी टिंबं देतात. 'टीच्ड'चं 'टॉट' तेवढं कर. मुलाखतीत कुणी त्यावर हसलं, तर म्हणावं, जनावराचं विचारा, सांगते.

टाइप केलेला माझा अर्ज मी फाडला. कागद फाडण्यात मी जुना आहे.

हेडमास्तरांना कळवलं आहे की सव्वीसला भाषण होणार नाही. ते म्हणाले, "मग लोकांना काय सांगू?" मी म्हटलं, सांगा, वक्त्याला वाचून दाखवता आलं नाही.

पण शिराळ्याला मी येणार आहे, तिथे सकाळी सातला पोचतो. मेंढरं खालच्या रानात हलवायची आहेत म्हणालीस ना? चाळीस वर्षांत वाघर बांधली-सोडली नाही, पण गाठी आठवतात. हे पत्र दाजींना तू वाचून दाखवू नकोस. ते माझी बाजू घेऊन हसतील आणि तुला रागावतील. ते मीच वाचीन, त्यांच्यापुढे बसून. नाथाजीही असू देत, त्यानं ऐकलेलं दुरुस्त करायला हवं. मधे अडखळलो तर मला कुणी थांबवू नका.

मामीसाठी निरगुडीचा पाला तेव्हा मीच घेऊन जाईन.

अर्ज वीसच्या आत टाक. आणि सुरुवातीला राहिलेले आशीर्वाद द्यायला मी लायक नाही असं आता ठरलं आहे, म्हणून नमस्कार लिहितो. तुझ्या आबांना.

कोंडीबा खरातांचा मेव्हणा,
नानासो